वर्गणीला निघालेले अण्णा

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना आपल्या मंडळाची पाच-सहा माणसं पावतीपुस्तकं घेऊन भोपाळभर फिरतात. तुळशीनगर, शिवाजीनगर, अरेरा कॉलनी, पलीकडे पिपलानीपर्यंत. गेली काही वर्षं मीही त्यांच्यात आहे. दार उघडल्यावर समोरच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आता मला चांगलं कळतं. काही घरी चहा, काही घरी पुढच्या रविवारचा वायदा. एका काकूंनी तर मागच्या वर्षीची पावती काढून दाखवली आणि यंदा अकरा रुपये कमी लिहायला सांगितले. गेल्या वर्षी आरास जास्त झाली होती, असं त्यांचं म्हणणं. आम्ही लिहिले.

यंदाच्या बैठकीत विषय निघाला की परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांकडून थोडा निधी जमवावा आणि जवळपासच्या खेड्यातल्या एखाद्या शाळेला द्यावा. कुणी म्हणालं, डॉलरमध्ये मागू, एका फटक्यात काम होईल. कुणी म्हणालं, आधी इथल्या घराघरातून दहा-दहा रुपये आले पाहिजेत, नाहीतर ती शाळा आपली वाटणार नाही. वाद तिथेच राहिला, कारण प्रसाद आला. पण त्या रात्री मला अण्णा कर्वे आठवले. महर्षी धोंडो केशव कर्वे. आपण त्यांना स्त्रीशिक्षणासाठी ओळखतो आणि ते बरोबरच आहे. पण या माणसाचं निम्मं आयुष्य पावतीपुस्तक हातात घेऊन गेलं, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांनी एका दात्याकडून पंधरा लाख घेतले, युरोप-अमेरिका-आफ्रिकेत झोळी फिरवली, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या गल्ल्यांतून खेड्यातल्या शाळांसाठी पैसे जमवले. आमच्या बैठकीतल्या दोन्ही बाजू त्यांनी एकट्यानं करून पाहिल्या होत्या.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात शेरवली इथे. वाढले मुरूडला, दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या गावात. घरची स्थिती बेताची. गावात सोमण गुरुजी म्हणून शिक्षक होते. त्यांनी या मुलाला अभ्यासाबरोबर गावाच्या कामाची गोडी लावली. देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, गावासाठी काही उभं करायचं, असली कामं त्या वयातच सुरू झाली.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. परीक्षेचं केंद्र साताऱ्याला होतं. पावसाळ्याचे दिवस, मुरूडहून सातारा शंभराहून अधिक मैल, मधे कुंभार्ली घाट. अण्णा आणि त्यांचे सोबती पायी निघाले, चिखल तुडवत, अंधारात घाट चढत वेळेवर पोहोचले. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण लागत. अण्णांची झाली होती, पण अंगकाठी इतकी किरकोळ की कमिटीला ते पटेना. दाखला पाहूनही त्यांना बसू दिलं नाही. तसेच परत आले. पुढे कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा ते पास झाले. मी सरकारी नोकर आहे, खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे, म्हणून ही गोष्ट मला नेहमी जरा टोचते. कागद बरोबर असूनही माणूस परत पाठवला जातो, हे तेव्हाही होतं.

मॅट्रिक व्हायला १८८१ उजाडलं, म्हणजे वय तेवीस. मुंबईत शिकवण्या करून शिकले आणि १८८४ ला एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच राधाबाईंशी झालं होतं. मुंबईत नोकरी आणि शिकवण्या चालू असतानाच त्यांनी मुरूड फंड सुरू केला. मुरूडच्या कमावत्या माणसांनी आपल्या मिळकतीतून थोडं थोडं बाजूला काढायचं आणि ते गावाच्या कामाला लावायचं, अशी साधी कल्पना. आज आपण गावाकडच्या देवळाला किंवा शाळेला पैसे पाठवतो, त्याचाच हा जुना अवतार म्हणा.

१८९१ मध्ये राधाबाई गेल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, अण्णांच्या मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बायाच म्हणत.

ज्या गावासाठी अण्णांनी फंड उभा केला, त्याच गावानं आता त्यांना वाळीत टाकलं. नुसतं त्यांना टाकून थांबलं नाही, तर ते ज्या घरात उतरतील त्या घरालाही बहिष्कार. म्हणजे स्वतःच्या आईच्या, भावाच्या घरी राहायची सोय उरली नाही. माणूस इथे दोनपैकी एक करतो, एकतर गाव सोडतो नाहीतर गावाशी भांडत बसतो. अण्णांनी तिसरंच केलं, ते कामाला लागले. विधवाविवाहाला पाठबळ देणारं मंडळ काढलं. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की लग्न लावून देऊन फार थोड्या बायकांचं भलं होईल, बाकीच्यांना शिक्षण पाहिजे, पोटाला काम पाहिजे. त्यातून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला.

पुण्यात प्लेग आला तसा आश्रम गावाबाहेर न्यायची वेळ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. आजचं कर्वेनगर ते हेच. त्या वेळी तिथे वस्ती नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि मग सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जात, मुलींना शिकवायला. पावसात काळ्या मातीचा चिखल पायाला धरून राहतो तो प्रकार माळव्यात राहणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. सुट्टी लागली की पावतीपुस्तक घेऊन गावोगाव. कॉलेजचा प्रोफेसर, अंगात साधा कोट, कमी बोलणारा, आवाजही लहान. वक्तृत्व नावाची चीज त्यांच्याकडे नव्हतीच. ते यायचे, बसायचे, काय काम आहे ते सांगायचे आणि जे मिळेल ते घेऊन पावती द्यायचे.

हे सगळं चालू असताना घर कोण चालवत होतं? अण्णांवर लिहिणारे या प्रश्नावरून भरभर पुढे जातात. घर बाया चालवत होत्या. पगाराचा मोठा वाटा आश्रमाकडे वळलेला, घरात मुलं वाढत होती. बायांनी पुढे माझे पुराण नावाचं आत्मचरित्र लिहिलं. ज्यांच्या घरी समाजकार्य करणारा माणूस आहे त्यांनी ते जरूर वाचावं. मोठ्या माणसाच्या बायकोला काय काय सोसावं लागतं ते त्यात कुठलाही आव न आणता आलेलं आहे. अण्णांबद्दल मला अतोनात आदर आहे, पण त्यांनी दिलेल्या देणग्यांत बायांचाही हिस्सा होता आणि तो त्यांना विचारून दिलेला होताच असं नाही, हे मला लिहावंसं वाटतं.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, याही लहान वयात विधवा झालेल्या. आश्रमात शिकल्या आणि आश्रमासाठी निधी जमवणं हेच त्यांनी आपलं काम केलं. वर्षानुवर्षं गावोगाव फिरल्या. इंग्रजी येत नाही म्हणून अडतं असं वाटलं तेव्हा १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्या थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि १९२० मध्ये परत आल्या. अण्णांच्या परदेशवारीच्या दहा वर्षं आधी त्यांच्या मेहुणीनं ही वाट पाहून ठेवली होती.

१९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे आलं. भाषणाची तयारी करताना त्यांना टोकियोच्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका आठवली, काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली. १९०१ साली जपाननं असं विद्यापीठ काढलं, मग आपण का नाही? १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं. पहिल्या कॉलेजात पाच विद्यार्थिनी. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. लोक हसले. पाच मुलींचं विद्यापीठ! पण अण्णा फर्ग्युसनमधून १९१४ ला निवृत्त झाले होते, आणि आता पावतीपुस्तक हा पूर्णवेळचा उद्योग झाला होता.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. आईचं नाव विद्यापीठाला द्यायचं ठरलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी म्हणजे कोण हे अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून सांगितलं. साडेतीन टक्के व्याजानं त्या रकमेचे वर्षाला ५२,५०० रुपये होत. आयुष्यभर रुपया-रुपया जमवणाऱ्या माणसाला एका सहीनं एवढं मिळालं. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता.

अण्णा मार्च १९२९ मध्ये विलायतेला निघाले. प्रवासातच एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या परिषदेला गेले, लंडनला हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणावर बोलले, जिनिव्हाला गेले, डेन्मार्कमध्ये एल्सिनोरच्या शिक्षण परिषदेला गेले, बर्लिनमध्ये आइनस्टाइनना भेटले. मग अमेरिका, मग जपान. ज्या टोकियोच्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून सगळं सुरू झालं होतं ते डोळ्यांनी पाहिलं आणि एप्रिल १९३० मध्ये परतले. तेरा महिन्यांत सुमारे सत्तावीस हजार रुपये जमले.

आठ महिने झाले नाहीत तोच, डिसेंबर १९३० मध्ये पुन्हा बोट. या खेपेला आफ्रिका. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत, पंधरा महिने. त्यांचे चिरंजीव डॉ. शंकरराव पूर्व आफ्रिकेत डॉक्टर होते. ही खेप मला विलायतेच्या खेपेपेक्षा जास्त रंजक वाटते. युरोपात अण्णा परक्यांपुढे बोलत होते, इथे आपल्याच माणसांपुढे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधायला इंग्रजांनी १८९६ पासून हिंदुस्थानी मजूर नेले. रेल्वेच्या मागोमाग दुकानदार गेले, कारकून गेले, मास्तर गेले. बरेचसे गुजराती, काही पंजाबी, थोडे गोव्याचे आणि महाराष्ट्रातले. घर सोडून तीस-तीस वर्षं झालेली माणसं. आपल्या भोपाळच्या मराठी घरांनी जरा स्वतःकडे पाहावं. १९५६ मध्ये राजधानी इथे आली तेव्हा नागपूरहून बदलीवर आलेले, ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेले, पुढे कारखान्यात लागलेले, आता तिसरी पिढी. गावाशी नातं वर्षातून एकदा आलेल्या पत्रिकेपुरतं. अशा घराचं दार वाजतं आणि बाहेर बहात्तर वर्षांचा म्हातारा उभा असतो, मायदेशातल्या मुलींच्या शिक्षणासाठी काही द्या म्हणत. पैसा तर हवाच असतो, पण त्या घराला कुणीतरी आठवण ठेवून विचारलं हेही असतंच. वर्गणी मागायला जाणाऱ्यानं हे विसरू नये. मी विसरतो.

मार्च १९३२ मध्ये अण्णा परतले तेव्हा सुमारे चौतीस हजार जमले होते.

माझा धंदा एस्टिमेट काढण्याचा. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हापासून बांधकामाचे आकडे मांडतो आहे, त्यामुळे मी इथेही बेरीज केली. दोन्ही खेपा मिळून अठ्ठावीस महिने आणि सुमारे एकसष्ट हजार रुपये, त्यातून प्रवासाचा खर्च वेगळा. ठाकरसींच्या देणगीचं व्याज वर्षाला साडेबावन्न हजार. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या माणसानं सव्वादोन वर्षं बोटीवर आणि परक्या देशात काढून जे आणलं ते घरबसल्या सव्वा वर्षात आलंच असतं. ऑडिटवाला आक्षेप घेईल असाच हिशोब आहे. पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाही वाटलं, अण्णांनी हे उगाच केलं. आता तसं वाटत नाही. पंधरा लाखांमागे दाता एक होता. एकसष्ट हजारांमागे किती जण होते ते पावत्याच सांगतील, पण त्यातला प्रत्येक जण हिंगण्याचं नाव ऐकून घेऊन मगच खिशात हात घालत होता.

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. १९३६ साली विद्यापीठाचं मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला हललं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. १९२३ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती गेल्या होत्या. बोर्डाकडे पैसा तुटपुंजा, त्यामुळे मोठ्या गावांना शाळा आणि लहान वाड्या-वस्त्या कोरड्या. ज्या गावात बोर्डाची शाळा नाही तिथे मंडळानं शाळा उघडायची, एवढाच उद्देश. शिवाय एकदा शिकलेली मोठी माणसं वाचायचं विसरू नयेत म्हणून त्यांच्या वाचनाची काही सोय करायची.

पैसे कुठून? अण्णांना दरमहा सत्तर रुपये पेन्शन होती. त्यातले पंधरा त्यांनी मंडळाला लावून दिले. बाकीसाठी पुन्हा पावतीपुस्तक. आता आफ्रिका नाही, अमेरिका नाही, कुणी सर नाही. पुण्यातली घरं, पुण्यातल्या गल्ल्या, जिने. आइनस्टाइनना भेटून आलेला, एका विद्यापीठाचा संस्थापक, चार-आठ आणे घेऊन पावती लिहीत उभा. लहान रक्कम दिली म्हणून कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये, हे त्यांच्या वागण्यातच होतं.

मी नोकरीनिमित्त रायसेन-सीहोरकडच्या खेड्यांतल्या शाळा पाहिल्या आहेत. एक शिक्षक, दोन खोल्या, कुठे दरवाज्याला कडी नाही, कुठे छताला ओल. बांधकामाचं माप घेऊन मी निघतो, पण शाळा चालते ती त्या एका शिक्षकाच्या पगारावर, आणि तो महिन्याच्या महिन्याला लागतो. इमारतीला एकदा देणगी मिळते, दगडावर नाव कोरता येतं. मास्तरच्या दर महिन्याच्या पगारावर कुणाचं नाव कोरता येत नाही. अण्णांच्या ग्रामशाळांचा खर्च या दुसऱ्या जातीचा होता, म्हणून तिथे एका मोठ्या चेकपेक्षा शंभर घरांची दरमहाची सवय जास्त उपयोगी. आमच्या बैठकीत मला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी प्रसाद वाटत होतो.

१९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातीभेद आणि माणसामाणसांतली उच्चनीचता जावी म्हणून त्यांनी समता संघ काढला. २९ नोव्हेंबर १९५० ला बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. अण्णा त्यानंतर बारा वर्षं जगले.

मानसन्मान मग रांगेनं आले. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. त्याच वर्षी १८ एप्रिलला शंभरी भरली. मुंबईला मोठा सोहळा झाला, पंडित नेहरू आले. ज्या मुलाला साताऱ्याच्या कमिटीनं वय कमी दिसतं म्हणून परत पाठवलं होतं, त्याची शंभर वर्षं देशाच्या पंतप्रधानांनी साजरी केली. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात अण्णा गेले तेव्हा वय एकशे चार होतं.

शंभरीच्या दिवशी टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. स्वतंत्र भारतात हयात माणसाचं ते पहिलंच तिकीट. माझे आजोबा नागपूरहून १९५६ ला इथे आले, त्यांच्या पत्रांच्या पत्र्याच्या डब्यात एका पाकिटावर ते अजून आहे. शाईचा शिक्का बरोबर अण्णांच्या कपाळावर बसलाय. किंमत पंधरा नये पैसे.